ग्रामसभेत हात वर केलेल्या सर्वांना

सन्माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि १५ ऑगस्टला मारुतीच्या देवळापुढे हात वर केलेले माझे भाऊ, भावजया, पुतणे, सुना, सगळ्यांस नमस्कार.

झेंडावंदन झालं, शाळेतल्या पोरांना जिलेबी वाटून झाली, पाणीपट्टीच्या थकबाकीवर नेहमीची वादावादी झाली आणि मग आयत्या वेळच्या विषयात तुम्ही लग्नाचा ठराव आणला. चार कलमं. प्रेमविवाहाच्या नोंदीला दोन्हीकडच्या आईवडिलांची सही लागेल. लग्नपत्रिका आणि अक्षता पडतानाचा फोटो जोडल्याशिवाय नोंदणीचा अर्ज घेतला जाणार नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना पंचायत एक कुटुंब धरणार नाही. आणि अशांना गावाच्या कार्यक्रमात मान दिला जाणार नाही.

बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत मी बसले होते. माझं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. तिसऱ्या कलमात बसणारं घर गावात एकच आहे आणि त्याची घरपट्टी मी भरते. विरोधासाठी मी हात वर केला. तो कुणी मोजला नाही. दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंग बघायला गेले तर 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं. म्हणून हे पत्र. तुमच्या नावाने लिहितेय, पण गावाबाहेरच्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. सांगली जिल्हा, खानापूर तालुका, एवढं पुरे. नाव घातलं तर ज्या पोरीवरून हा ठराव निघाला तिचा माग लागेल.

मी कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. १९९३ साली माझा नवरा वारला तेव्हा मी अठ्ठावीसची होते, पोरगी चार वर्षांची. टायपिंगची परीक्षा लग्नाआधी दिलेली होती. तेवढ्यावर विट्याच्या कोर्टाबाहेर एका वकिलांच्या टेबलाशी जागा मिळाली आणि तिथे मी सव्वीस वर्षं बसले, आधी रेमिंग्टनवर, मग कॉम्प्युटरवर. प्रतिज्ञापत्रं, वाटपाचे दावे, पोटगीचे अर्ज, घटस्फोट.

ज्यांच्यासोबत मी आज राहते ते 'हे' तिथेच भेटले. सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात केरळात बारा वर्षं काढून परत आलेले. ह्यांची बायको लग्नानंतर दीड वर्षात माहेरी गेली होती ती आलीच नव्हती. घटस्फोटाचा अर्ज टाईप करायला माझ्याकडे आला. वकिलांनी सांगितलेलं वाक्य मी घेतलं: 'जाबदार ही अर्जदारास विनाकारण सोडून गेली.' ह्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "विनाकारण नाही गेली ती. माझ्या आईनं तिला जगू दिलं नाही, आणि मी तिकडं केरळात." वकील म्हणाले, असं लिहिलं तर अर्ज टिकणार नाही. दोघांच्या संमतीचा मार्ग होता, पण तिच्या वडिलांना घरात घटस्फोट हा शब्दच नको होता. ह्यांनी अर्धा टाईप झालेला कागद मशीनमधून ओढून घेतला आणि खिशात घातला. फी मात्र दिली.

१९९७ पासून आम्ही एका घरात राहतो. हार नाहीत, अक्षता नाहीत, सही नाही. पहिल्या बायकोच्या गावी दर महिन्याला मनीऑर्डर जायची, तिचा फॉर्म मी भरायची. २०१२ साली ती बाई वारली. तेराव्यालाही ह्यांना मीच पाठवलं. त्यानंतर तुमच्यातल्या कितीजणींनी येऊन सांगितलं, "वहिनी, आता वाट मोकळी झाली, आता तरी हार घाला." वाईट हेतूने नाही सांगितलंत, मला माहीत आहे. पण पंधरा वर्षांनी हार घातले असते तर आधीच्या पंधरा वर्षांना काय म्हणायचं होतं? ह्यांना क्षयाची औषधं वेळेवर दिली ती, माझ्या पोरीच्या दहावीला हे रात्री जागे राहिले ती, दुष्काळात टँकरमागे दोघं घागरी घेऊन पळालो ती वर्षं काय तालीम होती? आम्ही हार घातले नाहीत.

आता ठरावाकडे येते.

पहिलं कलम, आईबापांच्या सहीचं. विवाहाची नोंद ज्या कायद्याने होते तो महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा. त्यातला नमुना 'ड' मी शेकड्यांनी भरून दिलाय. त्यावर नवरा, नवरी, लग्न लावणारा पुरोहित आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. आईबापांच्या संमतीचा रकाना त्यात नाही. भाऊसाहेब, गावापुरते विवाह निबंधक तुम्ही आहात. ग्रामसभेला कायद्याच्या नमुन्यात रकाना वाढवता येत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही मान खाली घालून लिहीत होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ ला शक्तिवाहिनी खटल्यात सांगून टाकलंय की दोन सज्ञान माणसांना लग्नासाठी घराण्याची, जातीची की जमावाची संमती लागत नाही.

हे कलम कुठून आलं तेही सगळ्यांना माहीत आहे. आपल्यातली एक पोरगी, तेवीस वर्षांची, पदवीधर, तिने आणि तिच्या जोडीदाराने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. या कायद्यात लग्नाआधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात बोर्डावर लागते आणि तीस दिवस कुणालाही हरकत घेता येते. हरकत म्हणजे आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, असली. 'आमच्यात बसत नाही' ही हरकत कायद्यात नाही. पण बोर्डावरच्या कागदाचा फोटो कुणीतरी काढला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी तिच्या दारात वीस माणसं उभी राहिली. नाव, वय, पत्ता, सगळं त्या फोटोत. तो फोटो टाकणारा कोण हेही मला माहीत आहे. तो ठरावाचा सूचक आहे.

आणि एक विचारते, रागावू नका. आपल्यातल्या निम्म्या घरांचं कुलदैवत खंडोबा. लग्न झालं की जागरण गोंधळ घालायचाच, नवरा-नवरी पालीला जाऊन आल्याशिवाय संसार सुरू होत नाही. जागरणात वाघ्या-मुरळी काय गातात? बाणाईचं गाणं. घरात म्हाळसा असताना देव धनगराच्या पोरीवर भाळला, तिच्यासाठी तिच्या बापाच्या वाड्यावर गडी म्हणून राहिला, मेंढरं राखली. तुम्ही भंडारा उधळत रात्रभर ते ऐकता. म्हाळसेच्या बापाची सही घेतली होती का, असं मी आजवर कुणाला विचारताना ऐकलं नाही.

दुसरं कलम पत्रिकेचं आणि अक्षतांच्या फोटोचं. इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण हे माझ्या कामाचं आहे.

घटस्फोटाच्या प्रत्येक अर्जाचा पहिला परिच्छेद एकच असतो. 'अर्जदार व जाबदार यांचा विवाह अमुक तारखेस अमुक ठिकाणी हिंदू धर्म रीतिरिवाजाप्रमाणे संपन्न झाला.' तो मला इतका पाठ झाला होता की पक्षकार बोलायला लागायच्या आत माझी बोटं लिहून मोकळी व्हायची. पोटगीच्या अर्जातही तोच. सोबत लग्नपत्रिका, फोटो, निशाणी तीन, निशाणी चार. फोटोत मंडप, बँडवाले, अंतरपाट धरलेले मामा, फेटे बांधलेले पाहुणे. त्यातले कितीतरी फेटे आपल्या गावचे होते. दुसऱ्या परिच्छेदापासून मारहाण सुरू व्हायची. तुम्हाला जो पुरावा हवाय तो सगळा त्या फायलींमध्ये आहे, एकही अक्षता कमी पडलेली नाही.

विधींवर अडून बसल्याने बाईचं भलं होतं असं वाटत असेल तर आपल्याच राज्यातला भाऊराव लोखंडे खटला वाचा. पहिली बायको असताना माणसाने १९६२ साली गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं? लग्नाला लागणारे विधी झाल्याचं सिद्ध होत नाही, म्हणजे कायद्याच्या नजरेत दुसरं लग्न झालंच नाही, म्हणजे गुन्हाही नाही. माणूस सुटला. दोन्ही बायकांच्या हातात काय राहिलं ते न्यायालयाच्या कागदात नाही. आणि २०२४ साली त्याच न्यायालयाने उलट बाजूनेही सांगितलं की विधी न करता नुसतं नोंदणीचं सर्टिफिकेट मिळवलं तर तेही हिंदू लग्न नव्हे. एकीकडे असं, दुसरीकडे पत्रिका-फोटो नसलेलं प्रत्येक लग्न खोटं धरायला आपली पंचायत निघालेली.

माझ्या आजीचं लग्न तुमच्या कलमात बसलं नसतं. माझं आजोळ कुंडलच्या बाजूला. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, बराचसा भाग साताऱ्यातच. १९४५ साली इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव गांधी विवाह लावले, हुंडा नाही, मानपान नाही, खर्च नाही. आजी-आजोबांचं लग्न तसं लागलं. भटजी नव्हता. दोन सुताचे हार, गुळाचा खडा आणि पोलीस येतील म्हणून वेशीवर बसवलेली दोन पोरं, एवढंच आजी सांगायची. आजोबांच्या थोरल्या बहिणीने 'हे लगीनच नव्हं' म्हणून मरेपर्यंत त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही.

आजोबांना १९७२ च्या योजनेत स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन सुरू झालं. ते गेल्यावर आजीच्या नावावर करायचं तर कचेरीत विचारणा झाली, लग्नाचा पुरावा काय? मी शाळेत होते, आजीसोबत गेले होते.

"लग्न कुणी लावलं?"

"सरकारनं."

"कुठल्या सरकारनं?"

"नानांच्या."

कारकून आधी हसला आणि मग त्यालाही काय लिहावं कळेना. ज्या सरकारात भाग घेतला म्हणून आजोबांना पेन्शन, त्याच सरकारने लावलेल्या लग्नाला पुरावा नाही. दोन म्हाताऱ्या साथीदारांनी प्रतिज्ञापत्रं करून दिली तेव्हा काम झालं. परत येताना एस्टीत मी आजीला म्हटलं, आता तू कागदोपत्री बायको झालीस. ती म्हणाली, "त्येंनी लिव्हलं म्हणून मी बायकू झाले व्हय? त्येंला लिव्हायचं हाय, लिव्हू दे. आपल्याला पैशाशी काम." दरवर्षी क्रांतिदिनाला तुम्ही व्यासपीठावरून प्रतिसरकारचा गौरव करता, त्यात गांधी विवाहांचंही एक वाक्य असतं. या वर्षीही होतं. सहा दिवसांनी हा ठराव.

तिसरं कलम माझ्यावर आहे, म्हणून ते थोडक्यात सांगते, कारण स्वतःबद्दल बोलताना माणूस घसरतो. हात वर केलेल्यांपैकी किती जणांच्या लग्नाची नोंद आहे? भाऊसाहेबांकडचं रजिस्टर काढा. पन्नाशीच्या पुढच्यांत मोजून पाच-सहा निघतील, त्याही पासपोर्टसाठी नाहीतर पोराच्या नोकरीसाठी केलेल्या. सरपंच, तुमच्या आईवडिलांची नाही, कारण तुमच्या वडिलांच्या वारसाचं प्रतिज्ञापत्र मीच टाईप केलंय. त्यांचं लग्न खोटं आहे का? मुळीच नाही. हिंदू विवाह कायदाच सांगतो की नोंद केली नाही म्हणून लग्न बाद होत नाही. मग ते कशावर उभं आहे? चाळीस वर्षं एका चुलीवर शिजलं, गावाने त्यांना नवरा-बायको म्हटलं, त्यावर. न्यायालयालाही हे कळतं. १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात सुमारे पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या लग्नाचा पुरावा मागत आलेल्याला न्यायालयाने परत पाठवलं. इतकी वर्षं समाजात नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांनी पुजारी आणि साक्षीदार कुठून आणायचे, असा त्याचा रोख होता. माझं घर आणि तुमचं घर एकाच पायावर उभं आहे. तुम्हाला तो पाया दिसत नाही, कारण तुम्हाला कधी कुणी खणायला सांगितलं नाही.

खोटं बोलत नाही, १९९७ ते २०१२ आमचं नातं कायद्याच्या दृष्टीने लग्न होऊ शकत नव्हतं. त्यासाठी मी बद्री प्रसादचा आधार घेत नाही. पंचायतीने मला बायको म्हणावं अशीही माझी मागणी नाही. मला कुणी 'काय' म्हणावं हा पंचायतीचा विषयच नाही, एवढंच.

चौथं कलम मानाचं. २०२२ साली शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारचं परिपत्रक निघालं, आणि आपणही तसा ठराव केला. त्यानंतरच्या संक्रांतीला देवळात मला पहिल्यांदा हळदीकुंकू लावलं गेलं. ते लावणाऱ्या हातांपैकी बरेच हात परवा वर होते. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

आता जे ठरावात नाही त्याबद्दल. गेल्या तीन वर्षांत आपल्या गावात अठरा पूर्ण न झालेल्या दोन पोरींची लग्नं झाली. एक ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; एकट्या पोराचा अर्धा कोयता, जोडी झाली की पूर्ण, आगाऊ मिळणारी उचलही पूर्ण, म्हणून दिवाळीआधी घाईने उरकलेलं. मुहूर्त होता, पत्रिका होती, अक्षता होत्या, आईबापांची संमती तर होतीच. तुमची चारही कलमं तंतोतंत पाळलेली. तुम्ही जेवायला गेला होता, मी गेले नव्हते. बरं, मी तरी काय केलं? मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ नंबरला फोन लावायला हवा होता, लावला नाही. शेजारधर्म आड आला. त्याची लाज मला आहे. पण भाऊसाहेब, गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तुम्हीच आहात. तेवीस वर्षांच्या पोरीच्या लग्नासाठी सभा भरते आणि सोळा वर्षांच्या पोरीच्या लग्नात आहेर लिहिला जातो.

कुणी म्हणेल, ही बाई नोंदणीच्या विरोधात आहे. नाही. माझ्या पोरीचं लग्न झालं तेव्हा पंधराव्या दिवशी मी स्वतः नमुना 'ड' भरून नोंद करून घेतली, आणि कोर्टात माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोरीला तेच सांगायचे. नवऱ्याने उद्या हात वर केले तर कागद लागतो. वारसाला लागतो, बँकेत लागतो, दवाखान्यात लागतो. मिरजेला ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी 'नातं' या रकान्यापुढे माझं पेन थांबलं होतं, तेव्हा कागदाची किंमत मला तुमच्यापेक्षा जास्त कळली. म्हणून २०१९ मध्ये आम्ही दोघांनी एकमेकांच्या नावे मृत्युपत्रं करून नोंदवली. ज्या बायकांचं लग्न कागदात बसत नाही त्यांना निदान घरातल्या हिंसेपासून संरक्षण मिळावं म्हणून २००५ च्या कायद्याने 'लग्नासारखं नातं' असा शब्द घातला, तोही याच कारणाने. कागद हा अडीअडचणीचा सोबती आहे. तुम्ही त्याचा टोलनाका केलात. ज्यांना स्वतःहून नोंद करायचीय त्या पोरांना तुम्ही परत पाठवताय, आणि वर विचारताय की तुमची नोंद कुठे आहे.

माझं मागणं असं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव विषयपत्रिकेवर घ्या आणि रद्द करा, आयत्या वेळच्या विषयात नाही, सात दिवस आधी दवंडी देऊन. १५ ऑगस्टच्या प्रोसिडिंगमधलं 'सर्वानुमते' खोडून विरोधातलं एक मत लिहा. विवाह नोंदणीचा अर्ज कायद्यातल्या कागदांवर घ्या, घेणार नसाल तर का घेत नाही ते भाऊसाहेबांनी सहीनिशी लेखी द्यावं, तोंडी नको. त्या पोरीच्या नोटिशीचा फोटो ग्रुपवरून काढून टाका आणि ज्याने टाकला त्याने तिच्या घरी जाऊन नव्हे, तिला हवं असेल तिथे आणि हवं असेल तेव्हा माफी मागावी. ती नको म्हणाली तर तोही विषय संपला. आणि येत्या तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, त्याआधी गावात ठरलेल्या लग्नांतल्या मुलींचे जन्मदाखले बघून घ्या. हे काम ग्रामसभेचं आहे, ते कुणी केलं तर मी स्वतः टेबलाशी बसून याद्या टाईप करून देईन, फुकट.

ठरावाची नक्कल मी माहिती अधिकारात मागितली आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलाय, पोच माझ्याकडे आहे. २ ऑक्टोबरला हेही येणार आहेत. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, तेव्हा एक खुर्ची ठेवावी. ती बायकांच्या बाजूला ठेवायची की पुरुषांच्या, ते तुम्ही ठरवा.

आपली,
वरच्या आळीतली टायपिस्ट काकू